गुप्त औषधाची जाहीर कुळकथा

इंग्रजी अमदानीत ज्यांना ‘पेटंट औषधे’ म्हणत, त्यांतल्या बहुतेकांचे पेटंट कोणी घेतलेलेच नव्हते. पेटंट घ्यायचे तर घटक आणि कृती सरकारदरबारी उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती कोणालाही वापरता येते. औषधविक्यांना नेमके हेच नको होते. त्यांनी नाव, बाटली आणि लेबल यांवर हक्क सांगितला, कृती मात्र दडवून ठेवली. घटकांविषयी मौन आणि गुणांविषयी गर्जना, या जोडीवर हा सगळा धंदा उभा राहिला. ही जोडी आपल्या वैद्यकपरंपरेतून आलेली नाही, ती इंग्रजी बाजारपेठेतून आली, असे माझे मत आहे. आपल्याकडच्या कारखानदारांनी तिला देशी कपडे चढवले, एवढेच.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे क्लोरोडाइन. जॉन कोलिस ब्राऊन या लष्करी डॉक्टरने हिंदुस्थानात नोकरीवर असताना, १८४८ च्या सुमारास, पटकीवर उतारा म्हणून हे मिश्रण तयार केले. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होते. पुढे लंडनच्या डेव्हनपोर्ट या औषधविक्याशी करार होऊन ते बाजारात आले. फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याने तेच नाव वापरले तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. १८६४ साली न्यायाधीश पेज वुड यांनी ब्राऊनच मूळ संशोधक असल्याचे म्हटले आणि न्यायाधीशांचे ते शब्द पुढे कित्येक वर्षे जाहिरातींत झळकत राहिले. औषध कोणाचे हे कोर्टाने ठरवले होते. ते कशाचे बनले आहे हे मात्र विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नव्हते, आणि सवय लागून किंवा मात्रा जास्त होऊन माणसे दगावत होती. थॉमस हॉलोवेने तर जाहिरात हाच मुख्य व्यवसाय केला. १८३७ पासून त्याने मलम आणि गोळ्या विकल्या, त्यांची माहितीपत्रके अनेक भाषांत छापून जगभर पाठवली, आणि अखेरच्या काळात तो वर्षाला सुमारे ५०,००० पौंड जाहिरातींवर खर्च करत होता. त्या नफ्यातून लंडनजवळ स्त्रियांसाठी भव्य महाविद्यालय उभे राहिले.

हिंदुस्थानात या पद्धतीला पाय फुटले ते टपालामुळे. १८७७ साली व्ही. पी. सुरू झाली आणि १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. आता खेड्यातल्या माणसाने कार्ड टाकावे, पार्सल दारात यावे आणि पैसे पोस्टमनच्या हाती द्यावेत, इतके ते सोपे झाले. लाजेखातर वैद्यासमोर जे बोलता येत नव्हते, तेही आता कार्डावर लिहिता येऊ लागले. धातुपुष्टीच्या गोळ्यांचा एवढा सुळसुळाट झाला त्याचे एक कारण मला यातच दिसते. जामनगरचे मणिशंकर गोविंदजी यांच्या आतंकनिग्रह गोळ्या, मुंबईच्या बाटलीवालांचे हिवतापावरचे मिश्रण, डोंगऱ्यांचे बालामृत ही नावे अशा जाहिरातींतूनच घरोघर पोचली. टपालाची ही ताकद सरकारनेही ओळखली होती. १८९२ पासून बंगालमध्ये पोस्ट ऑफिसांतून पैशापैशाला क्विनीनच्या पुड्या विकल्या जात. फरक एवढाच की त्या पुडीत काय आहे हे पुडीवरच्या नावातच स्पष्ट होते.

यावर कोणी म्हणेल, गुपित आपल्याकडेही होतेच की. वैद्यांची घराणी आपले अनुभूत प्रयोग मुलाला सांगत, परक्याला नाही. हे खरे आहे. पण त्या गुपितामागे एक माणूस उभा असे. तो नाडी पाहून, प्रकृती आणि ऋतू बघून मात्रा ठरवी, आणि रोगी दगावला तर त्याला त्याच गावात राहायचे असे. शिवाय शार्ङ्गधरसंहितेसारख्या ग्रंथांत कृती घटकांसह आणि प्रमाणांसह लिहिलेल्या आहेत, आणि पनवेलला १८७२ पासून कृष्णशास्त्री पुराणिकांनी जो धूतपापेश्वरचा कारखाना चालवला त्याची भिस्त ग्रंथोक्त औषधांवर होती. छापील लेबलामागे मात्र विचारपूस करणारा वैद्यही नव्हता आणि उघडा ग्रंथही नव्हता. शंभर प्रकृतींच्या शंभर माणसांना एकच बाटली जाऊ लागली, आणि जाब विचारायचा तर पत्ता दूरच्या शहरातला.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. डॉक्टर शहरांत, त्यांची फी आवाक्याबाहेरची, प्लेग आणि पटकी दाराशी. अशा वेळी लोकांनी बाटली घेतली तर त्यांना भोळे का म्हणावे? मी तसे म्हणत नाही. अफूच्या अर्काने जुलाब आणि पोटातली कळ खरोखर थांबत असे, त्यामुळे गिऱ्हाइकाचा विश्वास निराधार नव्हता. देशी कारखान्यांनी रोजगार दिला, परदेशी मालाशी टक्कर घेतली, हेही मान्य केले पाहिजे. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन काढले आणि याच शहरातून १९०८ साली ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक सुरू केले. औषधाच्या पैशातून राष्ट्रीय चळवळीला बळ देणाऱ्या अशा माणसाबद्दल आदरच वाटतो. पण मालकाची देशभक्ती ही बाटलीतल्या द्रव्याची हमी होऊ शकत नाही. स्वदेशीच्या नावाखाली गुपित झाकले गेले तेव्हा नुकसान स्वदेशातल्याच रोग्याचे झाले.

आता डॉक्टरांकडे वळू. १९१२ साली मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. इंग्लंडमधल्या नियमांच्या धर्तीवर, स्वतःची जाहिरात करणे नोंदणीकृत डॉक्टरला अशोभनीय ठरले. व्यवसायाची प्रतिष्ठा राखायला हा नियम योग्यच होता. पण बाटली विकणाऱ्याला तो लागू नव्हता. परिणाम असा की शिकलेल्याचे तोंड बंद आणि न शिकलेल्याला सगळे पान मोकळे. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने निदान १९०९ साली गुप्त औषधांचे रासायनिक पृथक्करण करून पुस्तकच छापले. एका गिनीच्या मोलाची म्हणून गाजवलेल्या बीचमच्या गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. डॉक्टरांचे खरे कर्तव्य मला या पुस्तकात दिसते. स्वतःची जाहिरात न करणे पुरेसे नव्हते. खोट्या जाहिरातीतला माल तपासून लोकांना सांगणे हे त्यांचे काम होते.

आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये औषधांच्या बाजाराची चौकशी केली, आणि तरीही कायदा व्हायला १९४० साल उजाडले. त्यातही आयुर्वेदिक आणि युनानी औषधे वगळलेली होती. चमत्कारी गुणांच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली झाला. आयुर्वेदिक औषधे १९४० च्या कायद्याच्या कक्षेत आली ती १९६४ च्या दुरुस्तीने, म्हणजे पोस्टमनने व्ही. पी.चे पहिले पार्सल दारात आणल्यानंतर ८७ वर्षांनी.