बिटकॉइनच्या यंत्रांचा ‘ताप’ उतरवायचा कसा?

बिटकॉइनचे ‘मायनिंग’ म्हणजे प्रत्यक्षात अखंड चालणारी आकडेमोड असते. ती करणारे यंत्र भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर एक महागडे हीटरच ठरते, कारण त्याने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. २०२० मध्ये बाजारात आलेल्या ‘अँटमायनर एस-१९ प्रो’ला सुमारे ३,२५० वॉट वीज लागते, म्हणजे दिवसाला ७८ युनिट. एक टनी वातानुकूलन यंत्र खोलीतून जेवढी उष्णता खेचू शकते, जवळपास तेवढी उष्णता हे बुटांच्या दोन-तीन खोक्यांएवढे यंत्र रात्रंदिवस ओकत असते.

मग खोलीत एसी बसवावा, हा विचार शहरी माणसाच्या मनात प्रथम येतो आणि तोच सर्वांत महागात पडतो. तीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्यासाठी एसी स्वतः सुमारे एक किलोवॉट वीज खातो. एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येक ब्लॉकमागे मिळणारे बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आले. त्यानंतर विजेच्या बिलात एक तृतीयांश भर पेलणे बहुतेकांना अशक्यच आहे. त्यामुळे या व्यवसायात हवा थंड करण्यापेक्षा ती वेगाने बदलण्यावर भर असतो.

यंत्रातील पंखे हेच काम करतात. हवेचे तापमान १५ अंशांपेक्षा अधिक वाढू द्यायचे नसेल, तर एका यंत्राला सेकंदाला सुमारे १८० लिटर हवा लागते. दहा फूट लांब, तेवढीच रुंद आणि उंच खोली घेतली, तर तिच्यातील सगळी हवा अडीच मिनिटांत बदलावी लागेल. बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा आत खेचली गेली, की सारी व्यवस्था कोलमडते. म्हणून थंड आणि गरम हवेच्या मार्गांमध्ये पक्की भिंत असणे हे पंख्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे. आइसलँडमध्ये आणि स्वीडनच्या उत्तरेकडील बोडेन येथे हा उद्योग गेला, तो स्वस्त जलविद्युत आणि फुकटची थंडी यांच्या ओढीनेच.

कोरड्या उष्ण प्रदेशात ओल्या जाळीतून हवा आत घेतात. विदर्भातील कूलरचेच हे मोठे रूप. हवा कोरडी असेल तर तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरते. मुंबईसारख्या दमट किनाऱ्यावर मात्र हा उपाय जवळपास निरुपयोगी ठरतो. शिवाय पाणी जड असल्यास जाळीवर क्षार साचतात.

हवेच्या मार्गाची खरी अडचण आवाजाची आहे. असे एक यंत्र सुमारे ७५ डेसिबल आवाज करते. टेक्सासमधील ग्रॅनबरी येथे हजारो यंत्रांच्या घरघरीविरुद्ध रहिवाशांनी तक्रारी केल्या आणि २०२४ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले.

आवाज टाळायचा तर यंत्र तेलात बुडवावे लागते. ट्रान्सफॉर्मरप्रमाणेच येथेही विजेचे वहन न करणारे तेल वापरतात. पंखे काढून टाकले जातात, धूळ आणि दमटपणा यांचा प्रश्न मिटतो आणि यंत्र ठरीव क्षमतेपेक्षा जोराने चालवता येते. मात्र टाकी, तेल, पंप आणि बाहेरचा रेडिएटर यांचा खर्च मोठा. काही तेलांमुळे रबर व प्लॅस्टिक कडक होते, आणि दुरुस्तीसाठी यंत्र निथळत ठेवावे लागते. उकळत्या द्रवाची ‘टू-फेज’ पद्धत अधिक कार्यक्षम. परंतु तिच्यात वापरली जाणारी ‘नोव्हेक’सारखी रसायने २०२५ अखेरपर्यंत बंद करण्याची घोषणा थ्रीएम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये केली. त्यामुळे त्या वाटेने जाताना द्रव पुढे मिळेल का, हे आधी पाहणे शहाणपणाचे.

पाण्यावर थंड होणाऱ्या ‘हायड्रो’ यंत्रांत चिपला लागून धातूची पोकळ पट्टी असते आणि तिच्यातून क्षारविरहित पाणी बंद चक्रात फिरते. या यंत्रांना थ्री-फेज वीज लागते, त्यामुळे घरगुती जोडणीवर त्यांचा विचारच नको. पण गरम झालेले पाणी उपयोगी पडते. फिनलंडमधील साताकुंता भागात मारा कंपनीच्या दोन मेगावॉटच्या प्रकल्पातील उष्णता ११,००० रहिवाशांच्या घरांपर्यंत पोहोचविली जात असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले.

भारतात गणित आणखी कठीण आहे. एप्रिल २०२२ पासून आभासी चलनाच्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला. त्यातून केवळ खरेदीची किंमत वजा करता येते. मायनिंगच्या पायाभूत सुविधांवरील खर्च त्या किमतीत धरता येणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. साहजिकच तेलाची टाकी असो वा साधा पंखा, त्याचा बोजा यंत्रमालकाच्याच खिशावर पडतो, आणि येथे एखाद-दुसरे यंत्र चालवणाऱ्यासाठी उघड्या गच्चीवरील सावलीची, वाऱ्याची जागा हीच सर्वांत परवडणारी व्यवस्था ठरते. शेजाऱ्यांना ती घरघर चालत असेल तर.