‘अुद्योग’ आणि ‘उद्योग’ : वर्ध्याच्या लिपीचा संगणकीय शोध

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालू लागले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि उद्योगातून शिक्षणाचा विचार देशभर पोचला. या काळातील छापील मजकूर संगणकावर आणून त्यात ‘उद्योग’ हा शब्द शोधला, तर तो सर्वत्र सापडेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ‘ग्रामोद्योग’ सापडतो, पण सुटा ‘उद्योग’ काही पुस्तकांत हाती लागत नाही. तेथे तो ‘अुद्योग’ असा छापलेला असतो.

याचे मूळ लिपिसुधारणेत आहे. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र चिन्हे सोडून अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावे, हा आग्रह काका कालेलकरांनी धरला. १९३६ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परिसरात ही ‘अ’ची बाराखडी रुजली. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतून सावरकरांनी मराठीसाठी हीच सूचना केली होती. राजकारणात दोन टोकांना असलेली ही माणसे येथे एकत्र येतात. कारण व्यवहारी होते : छापखान्यातले खिळे कमी लागावेत. ओ आणि औ तर आपण आधीपासून ‘अ’लाच मात्रा देऊन लिहीत होतो.

संगणकाला हे नाते दिसत नाही. युनिकोडमध्ये ‘इ’ हा एक संकेत; ‘अि’ म्हणजे ‘अ’ आणि वेलांटी असे दोन. मजकुराचे प्रमाणीकरण केले तरी ही दोन रूपे एक होत नाहीत. म्हणून शोधाची आकृती आपणच सांगावी लागते. ‘(उ|अु)द्योग’ असे लिहिले की दोन्ही रूपे मिळतात. याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. त्याचा पाया अमेरिकी गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये घातला आणि केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ते मजकूर शोधण्याच्या कामी आणले.

जुने ग्रंथ आज बहुधा एक्सएमएल या १९९८ च्या खूणपद्धतीत साठवतात. तीत मजकुराचा प्रत्येक भाग खुणांच्या जोडीत बसतो. खुणांची नावे देवनागरीतही चालतात. <वर्ष>१९३७</वर्ष> यातून साल काढायला <वर्ष>([०-९]+)</वर्ष> एवढी आकृती पुरते. आकड्यांसाठीचे तयार चिन्ह वापरावे, तर काही साधनांत ते फक्त इंग्रजी अंक ओळखते आणि देवनागरी साले मुकाट्याने गळतात.

या साधनाला मर्यादाही आहे. टिपेच्या आत दुसरी टीप आली, की साधी आकृती पहिल्याच बंद खुणेपाशी थांबते आणि बाहेरची टीप अर्धी तुटते. कितीही खोल गेलेल्या जोड्या मोजणे क्लीनींच्या मूळ पद्धतीच्या आवाक्यात नाही. म्हणून रचना आधी पार्सरकडून उलगडून घ्यावी आणि आतल्या मजकुरावर रेग्युलर एक्स्प्रेशन चालवावे.

मग सगळे ‘अु’ एका झटक्यात ‘उ’ करून का टाकू नयेत? कारण ते वळण हाच पुरावा आहे. एखादे पुस्तक कोणत्या वर्तुळात छापले गेले आणि पुढच्या आवृत्तीत सुधारणा कधी सोडून दिली, हे त्यावरून ताडता येते. ग्रंथांच्या अंकनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या टीईआय पद्धतीत मूळ आणि प्रमाण अशी दोन्ही रूपे शेजारी ठेवण्याची सोय आहे. तीच वाट योग्य.

हा प्रश्न केवळ जुन्या पुस्तकांचा नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली; त्याआधीचा मजकूर ‘अॅ’ असा दोन संकेतांचा आहे. दिसायला दोन्ही सारखेच. खिळे वाचवण्यासाठी वर्ध्यात केलेली सुधारणा आज शोधात शब्द हरवते. ‘सापडले नाही’ यावरून ‘लिहिलेच नव्हते’ असा निष्कर्ष काढण्याआधी, तो शब्द तेव्हा कसा लिहीत असत हे विचारायला हवे.