आधुनिक नृत्य आणि नृत्यरचनेची मालकी

आधुनिक नृत्याचा इतिहास बहुधा बॅलेच्या बंधनांविरुद्धचे बंड म्हणून सांगितला जातो. तथापि, या बंडाबरोबरच नृत्यरचनेवर हक्क कोणाचा, हा प्रश्नही उभा राहिला. रेशमी वस्त्रांच्या लाटा व रंगीत प्रकाश यांतून लोई फुलर यांनी ‘सर्पेंटाइन’ नृत्य घडविले. त्याची नक्कल होताच त्यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाद मागितली. १८९२ मध्ये ती फेटाळली गेली. ज्यात कथानक नाही ती नाट्यकृती नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. आधुनिक नृत्याचे जे वैशिष्ट्य, तेच कायद्याच्या दृष्टीने त्याचे वैगुण्य ठरले. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने नृत्यरचनेस स्पष्ट संरक्षण दिले.

तरीही पेच सुटला नाही. मार्था ग्रॅहम यांच्या निधनानंतर (१९९१) त्यांचे वारसदार व त्यांचीच संस्था यांच्यात वाद झाला. २००२ मध्ये न्यायालयाने बहुतेक रचना संस्थेच्या ठरविल्या; त्यांपैकी अनेक ग्रॅहम यांनी संस्थेच्या नोकरीत असताना केल्या, हे त्याचे एक कारण होते. ग्रॅहम यांच्या संचात नाचलेल्या मर्स कनिंगहॅम यांनी मात्र हयातीतच, २००० मध्ये, आपल्या रचनांसाठी न्यास स्थापन केला. २००९ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या संचाचा अखेरचा प्रयोग ३१ डिसेंबर २०११ रोजी झाला.

मालकीचा निवाडा न्यायालय करू शकते. परंतु एका नर्तकाने दुसऱ्यास शिकविल्यावाचून रचना जिवंत राहत नाही. म्हणूनच नृत्याचा वारसा जपताना कागदपत्रांइतकेच महत्त्व गुरुशिष्यपरंपरेस द्यावे लागते.