रॉबेन बेटावरील आहारतक्ता

जलपर्यटनात एखादे बंदर प्रवाशाच्या वाट्याला येते ते काही तासांपुरतेच. केपटाउनला आमचे जहाज एक दिवस थांबले, तेव्हा बहुतेक सहप्रवासी टेबल माउंटनकडे निघाले आणि आम्ही उभयता रॉबेन बेटाच्या बोटीत बसलो. नेल्सन मंडेला यांच्या २७ वर्षांच्या बंदिवासापैकी १८ वर्षे, १९६४ ते १९८२, या बेटावर गेली. येथील शेवटचे राजबंदी १९९१ मध्ये सुटले. १९९७ पासून येथे संग्रहालय आहे.

आमचा वाटाड्या स्वतः येथे शिक्षा भोगलेला होता. मंडेलांच्या चिमुकल्या कोठडीपुढे सर्वांनी छायाचित्रे घेतली. माझे पाय मात्र एका आहारतक्त्यापाशी अडले. त्यात 'ब' म्हणजे मिश्रवंशीय व आशियाई कैदी, 'क' म्हणजे कृष्णवर्णीय आफ्रिकी. 'ब'ला मांस ६ औंस, 'क'ला ५. 'ब'ला जॅम १ औंस, 'क'ला मुळीच नाही. मंडेलांबरोबर एकाच खटल्यात जन्मठेप झालेले अहमद कथ्राडा भारतीय वंशाचे, म्हणून त्यांना लांब विजार मिळाली, मंडेलांना अर्धी.

अर्थशास्त्रात आपण वाटपाचा विचार करतो तो टंचाईच्या संदर्भात. येथे टंचाई नव्हती. एक औंस जॅमने तिजोरीला काय फरक पडणार? येथे मोजून वाटली जात होती ती प्रतिष्ठा. आणि तरीही तक्ता नीटनेटका होता, रकाने सरळ, मापे अचूक. तीस वर्षे असे तक्ते हाताळलेल्या माणसाला तो परका वाटला नाही, हेच मनाला टोचले.

पुढे बसमधून रॉबर्ट सोबुक्वे यांचे एकाकी घर पाहिले. १९६० च्या पासविरोधी आंदोलनाबद्दल त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली होती. ती १९६३ मध्ये संपत आली, तेव्हा संसदेने कायद्यात एक कलम घातले: शिक्षा भोगून झालेल्या कैद्यालाही सरकार अडकवून ठेवू शकेल. त्या कलमाचा उपयोग केवळ त्यांच्यावरच झाला. दरवर्षी मुदतवाढ मिळत गेली आणि इतर कैद्यांशी बोलण्याची मनाई असलेला हा माणूस १९६९ पर्यंत येथेच राहिला.

हे परदेशातले पाप म्हणून सोडून देता येत नाही. आपला प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा १९५० मध्ये झाला तो एका वर्षापुरता. मुदतवाढी मिळत तो १९६९ अखेरपर्यंत चालला. १९७१ मध्ये 'मिसा' आला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या हंसराज खन्नांनी विरोधी मत नोंदविले. वर्णद्वेषी राजवट आणि आपले प्रजासत्ताक यांची बरोबरी मी करीत नाही. परंतु फायलीची चाल दोन्हीकडे ओळखीची आहे.

"परिस्थितीत बदल नाही, सबब मुदतवाढ द्यावी." हे वाक्य मी स्वतः, बऱ्याच निरुपद्रवी विषयांवर, किती वेळा लिहिले असेल! मागील टिपणीवरून उतरवून घेताना परिस्थिती प्रत्यक्ष तपासली होती का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परतीच्या बोटीत पत्नीने विचारले, "इतके गप्प का?" मी म्हणालो, "कचेरीची आठवण झाली." तिला वाटले, मी थट्टा करतो आहे.