पाषाणातील वायूची साक्ष

समुद्रतळीच्या ज्वालामुखींतील वायूंचा इतिहास जेम्स मूर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने दगडांतील छिद्रांवरून वाचला. १९६२ ते १९६४ या काळात ते हवाईच्या ज्वालामुखी वेधशाळेचे प्रमुख होते. किलौआच्या समुद्रात बुडालेल्या अंगावरून खरवडून काढलेल्या बेसाल्टमध्ये खोलीबरोबर छिद्रे लहान व विरळ होत जातात, असे त्यांनी १९६५ मध्ये दाखविले. खोल लाव्हात वायूच नसावा, हा तर्क येथे सहज संभवतो; परंतु तो फसवा होय. पाण्याच्या दाबाखाली वायू, विशेषतः बाष्प, बुडबुड्यांच्या रूपाने सुटत नाही. ते गोठलेल्या काचेत बहुतांशी विरघळलेलेच राहते. यामुळे प्राचीन लाव्हातील छिद्रांवरून तत्कालीन समुद्राची खोली अजमावता येऊ लागली. अर्थात मूळ वायूचे प्रमाण ठाऊक असेल तरच.