साथ म्हणजे तांडा

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला गेले होते. तंजावरहून बसने बारा-तेरा किलोमीटर. कावेरीच्या काठी संगीतकार त्यागराजांच्या समाधीपुढे गाणारे-वाजवणारे समोरासमोर रांगा धरून बसलेले, आणि शेकडो गळे एकदम पंचरत्न कृती म्हणणार होते. शेजारी पुण्याहून आलेले एक आजोबा होते. त्यांनी चौकशी केली, "चेन्नईत काय करतेस गं?"

"पीएचडी. साथीवर."

"अरे वा! तबल्याच्या की पेटीच्या?"

मी एपिडेमिऑलॉजीची विद्यार्थिनी. माझी साथ पटकीची, गोवराची, डेंग्यूची. तसं त्यांना सांगितलं, पण मी स्वतःच अडखळले. हा शब्द रोज दहादा वापरते. गायकाला असते तीही साथ आणि गावात येते तीही साथ. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही 'साथीने', 'साथीत', 'साथीचा' अशाच चालणाऱ्या. हे दोन शब्द आहेत की एक?

माझं उत्तर: एक. आणि तो वाटेवरचा शब्द आहे.

संस्कृतात 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. त्याचा नायक तो सार्थवाह. प्राकृतात 'सत्थ', पुढे 'साथ'. मस्तकाचा मत्थ आणि मत्थाचा माथा झाला, तीच ही वाट. संगत या अर्थापर्यंत कुणाचाच वाद नाही. वाद आहे तो रोगाच्या साथीचा.

पहिला प्रतिस्पर्धी लोकांच्या तोंडी सहज येतो: साती आसरा. पाण्याजवळच्या सात देवता, त्यांचा कोप म्हणजे रोगराई, म्हणून 'सात' वरून साथ. ऐकायला गोड आहे, पण 'त' चा 'थ' का व्हावा याला आधार नाही. सात आजही सातच आहे.

दुसरा प्रतिस्पर्धी मात्र तगडा आहे आणि त्याने मला बरेच दिवस झोपू दिलं नाही. तो म्हणजे 'साथरा'. गवताचं अंथरूण, आणि त्यावरून रणात पडलेल्या प्रेतांचा साथरा. मूळ संस्कृत स्रस्तर. मरीच्या दिवसांत घरोघर माणसं आडवी पडलेली, गावभर साथरा. त्यातूनच साथ, असं कुणी म्हटलं तर चित्र जुळतं आणि 'थ' सुद्धा जुळतो. मग अडतं कुठे? साथरा पुल्लिंगी, साथ स्त्रीलिंगी. शेवटचा 'रा' गळून पडायला काही कारण नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे क्रियापदं. साथरा पडतो. साथ येते, पसरते, गावात शिरते, ओसरते. साथ कधीच आडवी पडलेली नसते, ती सारखी चालत असते. 'सध्या साथ चालू आहे' हे वाक्य साथऱ्याला शोभेल का? शब्दाचं कूळ क्रियापदांवरून ओळखावं, असं माझं मत आहे.

तिसरा आक्षेप: 'साथ' हिंदीतून आला, मराठीची जुनी संगत म्हणजे 'सांगात'. असेलही. पण हिंदीतला साथ पुल्लिंगी आहे आणि हिंदीत साथ म्हणजे रोगराई नव्हे. म्हणजे शब्द कुठूनही येवो, ही अर्थाची फांदी मराठीच्या अंगणातच फुटलेली आहे.

का फुटली? रोगाची बाकीची नावं पाहा. पटकी माणसाला पटकते, मरी मारते, मोडशी अंग मोडते, देवी तर देवीच. ही सगळी एका माणसाच्या अंगात काय होतं ते सांगतात. साथ त्यातलं काहीच सांगत नाही. ती एवढंच सांगते की आजारी माणूस एकटा नाही, त्याच्या मागेपुढे आणखी आहेत. ही वैद्याची नजर नव्हे, मोजणाऱ्याची नजर आहे.

तांडा आणि अरिष्ट यांची जोडी फार जुनी आहे. महाभारतात रानात टाकलेली दमयंती एका सार्थाबरोबर चेदि देशाकडे निघते. रात्री तळ्याकाठी तळ पडतो, रानहत्ती येतात आणि झोपलेल्यांना तुडवतात. वाचलेले लोक पहिल्यांदा काय करतात? नव्याने सामील झालेल्या त्या बाईकडे बोट दाखवतात. साथीत परक्यावर आळ घ्यायची सवय तेव्हापासूनची आहे, आणि कोविडमध्ये ती आपण पुन्हा पाहिली.

रोगाचा तांडा प्रत्यक्षात दिसला तो 1817 मध्ये. बंगालात जेसोरला पटकी उसळली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बुंदेलखंडात पेंढाऱ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत शिरली. पुढच्या वर्षी ती दख्खनेत होती. फौज, बाजारबुणगे, यात्रेकरू, बैलांचे तांडे, ज्या वाटेने माणसं गेली त्या वाटेने ती गेली. मद्रास इलाख्यातल्या या साथीवर विल्यम स्कॉटचा जाडजूड अहवाल 1824 मध्ये निघाला. आणि याच वर्षांत, 1820 ते 1822, तंजावरचे सरफोजीराजे सुमारे तीन हजार माणसं घेऊन काशीयात्रेला गेले होते. त्या प्रवासावर मराठीत 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' रचल्या गेल्या. हे तेच सरफोजी, ज्यांच्या नेत्ररुग्णांची टिपणं डोळ्यांच्या चित्रांसह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. आणि आख्यायिका सांगते की त्यांच्याच दरबाराचं बोलावणं त्यागराजांनी नाकारलं. एकेका रोग्याचा कागद ठेवणारा मराठी बोलणारा राजा पटकीच्या मुलखातून तीन हजारांचा सार्थ घेऊन चाललाय. त्या तळावर 'साथ' हा शब्द दोन्ही अर्थांनी उच्चारला गेला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुढे पंढरीच्या वारीला जाणाऱ्यांना पटकीची लस टोचून घेणं सक्तीचं झालं, तेही दिंडी आणि साथ एकाच वाटेने चालतात म्हणूनच.

ग्रीकांचा 'एपिडेमिया' आम्हाला पहिल्याच तासाला शिकवतात: एपि म्हणजे वर, डेमोस म्हणजे लोक, म्हणून लोकांवर कोसळलेलं ते. पण होमरच्या काव्यात या घराण्यातला शब्द आपल्या मुलखात असलेल्या माणसासाठी येतो, आणि नंतर त्याचं क्रियापद परगावी येऊन मुक्काम करण्यासाठी. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या 'एपिडेमियाई' या सात पुस्तकांचं नाव 'साथी' असं वाचायचं की फिरत्या वैद्याचे 'मुक्काम' असं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी मुक्कामाच्या बाजूची. त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकात 42 रोग्यांची दिवसागणिक हकीकत आहे, आणि त्यातले 25 दगावल्याचं स्वच्छ लिहिलेलं आहे. माझ्या लेखी आमच्या शास्त्राचा पहिला तक्ता तोच.

ग्रॉन्टने लंडनचे मृत्यू मोजले, स्नोने तिथेच 1854 मध्ये पटकी पसरवणारा ब्रॉड स्ट्रीटचा पंप शोधला. ही मंडळी आमच्या शास्त्रात सर्वांच्या ओळखीची आहेत. मला जायचं आहे ते वेड हॅम्पटन फ्रॉस्टकडे. जॉन्स हॉपकिन्समधला हा प्राध्यापक. क्षयाचे मृत्यू वयानुसार मांडले की म्हातारपणी जास्त दिसायचे. फ्रॉस्टने एकाच दशकात जन्मलेल्यांना धरून त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं चालत जायचं ठरवलं. बालपण सोडलं, तर 1880 च्या सुमारास जन्मलेल्यांचा कळस विशीतच होता! म्हातारी दिसणारी पिढी तरुणपणी याहून मोठ्या आगीतून आलेली होती. हे मांडणारा त्याचा लेख त्याच्या मृत्यूनंतर 1939 मध्ये छापला गेला. अशा एकत्र चालणाऱ्या गटाला त्याने 'कोहॉर्ट' म्हटलं.

कोहॉर्ट म्हणजे रोमन सैन्याची तुकडी, लीजनचा दहावा भाग. त्याही आधी नुसतं कुंपणाचं आवार. आवारातली माणसं, मग एकत्र कूच करणारी माणसं. हे कळलं त्या रात्री मी वसतिगृहाच्या गच्चीवर येरझाऱ्या घातल्या. आमचा रोग म्हणजे साथ, तांडा. आमची पद्धत म्हणजे कोहॉर्ट, तोही तांडाच. एक मराठीने नाव दिलेला, एक लॅटिनने, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

सांख्यिकी इथेच येऊन साथीला भिडते. एका वस्तीतल्या 21 जणांना तपासलं म्हणजे 21 स्वतंत्र पुरावे मिळाले असं होत नाही; ते एकच पाणी पितात. त्यांच्यातलं साम्य 0.05 एवढं बारीक धरलं, तरी प्रत्येकाच्या सोबतचे 20 जण धरून 1 + 20 × 0.05 = 2, म्हणजे नमुना दुप्पट लागतो. म्हणजे अशा दहा वस्त्यांतल्या 210 माणसांचं वजन साध्या नमुन्यातल्या 105 एवढंच. प्रबंधाच्या पहिल्या आराखड्यात मी हा गुणक विसरले होते आणि सगळा नमुना पुन्हा आखावा लागला. साथीतली माणसं सुटी मोजता येत नाहीत, हे शब्दाने मला आधीच सांगितलं होतं. चेन्नईची राष्ट्रीय एपिडेमिऑलॉजी संस्था 1999 मध्ये उभी राहिली, तीही कुष्ठरोगाचं क्षेत्रकार्य करणारं एक केंद्र आणि वैद्यकीय सांख्यिकीची एक संस्था एकत्र करूनच.

आजोबांना यातलं थोडं तिथेच सांगितलं, गाणं सुरू व्हायच्या आत. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मग इथे साथ कोण करतंय आणि गातंय कोण, ते सांग बघू."

समोर पाहिलं. एकापेक्षा जास्त मृदंग, व्हायोलिनं, बासऱ्या, आणि सगळे गळे एकाच ओळीवर. नाट रागातली पहिली कृती सुरू झाली होती. मला मुख्य गायक सापडेना.