साडी नेसणारा पुरुष : आधी गुन्हेगार, मग रोगी

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एक ताई रात्री उशिरा घरी आल्या. हातात औषधांच्या दुकानाची पिशवी होती. सतरा वर्षांचा मुलगा बहिणीचा ड्रेस घालून आरशासमोर उभा असताना बापाने पाहिले. आधी मार पडला, मग तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरकडे नेले. डॉक्टरने दहा मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या. तीन महिने झाले, पोरगा दिवसभर गुंगीत असतो, अभ्यास बंद. ताईंनी विचारले, "दादा, खरं सांगा, ह्याला डोक्याचा आजार हाय का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो : नाही. पुरुषाने बाईचे किंवा बाईने पुरुषाचे कपडे घालणे हा मानसिक आजार नाही. पण "नाही" म्हणून भागत नाही. कारण तो आजार आहे असे शंभर वर्षे मोठमोठ्या पुस्तकांत छापले गेले आणि त्या पुस्तकांच्या आधी ते पोलिसांच्या रजिस्टरमध्ये लिहिले गेले. हा इतिहास आपल्याला, म्हणजे आंबेडकरी माणसाला, समजायला अवघड नाही. कोणी काय घालायचे हे ठरवणारी व्यवस्था आपण अंगावर सोसली आहे.

'जातिनिर्मूलन' ज्यांनी वाचले त्यांना बलाई समाजाचे उदाहरण आठवेल. १९२८ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रात आलेली हकीकत बाबासाहेबांनी त्यात दिली आहे. इंदूर भागातील सवर्णांनी बलाईंना हुकूम सोडला : जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. धोतराच्या काठाने कोणाचे काय बिघडत होते? काहीच नाही. पण काठ बघून माणसाची पायरी कळत होती आणि ती कळली नाही तर व्यवस्था कोलमडत होती. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायाबापड्यांना सांगितले की जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, ते जड दागिने टाका, बाकीच्या बायका नेसतात तसे नेसा. काहींना तेव्हा वाटले असेल, एवढी मोठी परिषद आणि हे लुगड्याचे काय काढले? पण वस्त्र म्हणजे अंगावर नेसवलेला कायदा असतो, हे बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते.

आता दुसऱ्या कायद्याकडे या. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याकडे पारधी, कैकाडी अशा भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवणारा कायदा म्हणजे इंग्रजी भाषेत लिहिलेली मनुस्मृतीच. पण या कायद्याला दुसरा भागही होता, त्याची चर्चा आपल्या सभांमध्ये क्वचितच होते. तो भाग हिजड्यांवर होता. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब, म्हणजे साधारण आजचा उत्तर प्रदेश आणि जुना पंजाब, इथे त्यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेल्या माणसाने रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी बाईचा पोशाख किंवा दागिने घातलेले दिसले, किंवा त्याने पैसे घेऊन नाचगाणे केले, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्याने मुलगा दत्तक घ्यायचा नाही, मृत्युपत्र करायचे नाही, अल्पवयीनाचा पालक व्हायचे नाही. आणि अशी व्यक्ती ओळखायची कशी? त्याने स्वतः कबूल केले तर, नाहीतर वैद्यकीय तपासणीत दिसले तर. म्हणजे पोलीस आणि डॉक्टर या दारातून एकत्रच आत आले.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होती हे १८८४ च्या एका खटल्यात दिसते. खैराती नावाच्या माणसाला बाईच्या वेशात बायकांबरोबर गाताना पाहिले गेले. पोलिसांनी धरले, त्याच्या शरीराची तपासणी केली आणि कलम ३७७ लावले. तक्रारदार नाही, घटनेची तारीख नाही, जागा नाही, दुसरा आरोपी नाही. पुरावा काय, तर तपासणीचा अहवाल आणि अंगावरचे कपडे. तरीही सत्र न्यायालयाने शिक्षा दिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला सोडले, कारण कोणता गुन्हा, कधी, कुठे, कोणासोबत, हेच सिद्ध होत नव्हते. पण सोडतानाही न्यायमूर्तींनी असल्या प्रकारांना आळा घालू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची पाठ थोपटली! खैराती सुटला. त्या आधीच्या तपासणीची भरपाई कोणी केली असेल असे वाटत नाही.

इथे अमेरिकेतली एक गोष्ट सांगावी लागते, कारण ती आपल्या मुद्द्याशी थेट जुळते. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा रोग शोधला. मळ्यातून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना तो रोग होतो म्हणे. रोगाचे लक्षण काय? पळून जाणे. रोगाला त्याने 'ड्रॅपेटोमेनिया' असे भारदस्त ग्रीक नाव दिले. मालकाची साखळी हा प्रश्नच नाही, साखळी तोडणाऱ्याचे डोके हा प्रश्न! ज्याने आपली जागा सोडली तो वेडा. आज आपण हे वाचून हसतो. पण ज्या काळात हे छापले गेले त्या काळात ते वैद्यकशास्त्र होते.

पुरुषाने बाईचे कपडे घालण्याला स्वतंत्र वैद्यकीय नाव मिळाले १९१० मध्ये. बर्लिनचे डॉक्टर मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी सतरा माणसांच्या कहाण्या अभ्यासून त्यावर ग्रंथ लिहिला आणि 'ट्रान्सव्हेस्टाइट' हा शब्द रूढ केला. गंमत अशी की हिर्शफेल्ड या लोकांचे शत्रू नव्हते, मित्र होते. बर्लिनचे पोलीस अशा लोकांना रस्त्यात पकडत, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर पोलिसांकडूनच त्यांना परवाना मिळू लागला, की हा माणूस या वेशात फिरतो, त्याला त्रास देऊ नये. निसर्गात विविधता आहे, तशी माणसातही आहे, असे त्यांचे म्हणणे. १९३१ मध्ये ते हिंदुस्थानातही येऊन गेले. ते स्वतः ज्यू आणि समलिंगी होते. मे १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी त्यांची संस्था फोडली आणि तिथली पुस्तके बर्लिनच्या चौकात जाळली. पुस्तके जाळतानाची जी जुनी छायाचित्रे आपण पाहतो, त्या होळीत हीही पुस्तके होती.

संस्था जळाली, शब्द मात्र उरला आणि दुसऱ्यांच्या हातात गेला. १९५२ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मानसिक आजारांची पहिली अधिकृत यादी काढली. तिला डीएसएम म्हणतात. तिच्यात समलिंगी संबंध आणि परलिंगी वेश, दोन्ही 'लैंगिक विकृती'त टाकले. योगायोग पाहा, त्याच १९५२ मध्ये ३१ ऑगस्टला आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. इकडे शिक्का पुसला जात होता, तिकडे नवा कोरला जात होता. पुढे १९७३ मध्ये त्या संघटनेने समलिंगी संबंध यादीतून काढले, तेही आंदोलकांनी डॉक्टरांच्या अधिवेशनांत घुसून जाब विचारल्यावर. कपड्यांचा रोग मात्र नावे बदलत टिकून राहिला.

१९८० च्या आवृत्तीत या रोगाची व्याख्या वाचली तर एक गोष्ट डोळ्यात भरते. हा रोग फक्त पुरुषाला होतो! पँट-शर्ट घातलेल्या बाईला होत नाही. का होत नाही? तिला पूर्वी होत होता. जोन ऑफ आर्कवर १४३१ मध्ये जे आरोप झाले त्यात पुरुषी कपडे घालणे हाही होता. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला की बाईला पुरुषाचा वेश करायचा तर पोलिसांची परवानगी हवी. तो हुकूम गैरलागू असल्याचे फ्रेंच सरकारने औपचारिकपणे जाहीर केले तेव्हा २०१३ साल उजाडले होते. दरम्यान बायकांनी पँट घातली, सायकल चालवली, कारखान्यात गेल्या आणि तो रोग आपोआप बरा झाला. जो रोग फॅशन बदलल्यावर बरा होतो तो रोग कसला?

आणि पुरुषाचाच का उरला, याचे उत्तर बाबासाहेबांच्या एका शब्दात आहे : श्रेणीबद्ध विषमता. बाई पँट घालते तेव्हा ती वर चढते, तिचे कौतुक होते, मुलगी मुलासारखी आहे म्हणून बाप मिरवतो. पुरुष साडी नेसतो तेव्हा तो खाली उतरतो. आणि वरच्या पायरीवरचा माणूस स्वतःच्या मर्जीने खाली कसा उतरेल? डोके फिरल्याशिवाय शक्य नाही, असे व्यवस्थेला वाटते. बाईला खालची मानल्याशिवाय हा रोग तयारच होऊ शकत नाही.

त्यातही पुरुष कोणत्या जातीचा हे बघितले जाते. बालगंधर्वांनी आयुष्यभर स्त्रीभूमिका केल्या. पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला, दागिने घालायला शिकल्या. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या कलेबद्दल मला आदर आहे, त्यात शंका नको. पण त्याच महाराष्ट्रात तमाशाच्या फडात नाच्या होता, आमच्या-तुमच्या घरातला, आणि त्याच्या वाट्याला काय आले? नाच्याच्या भूमिका गाजवणारे गणपत पाटील पडद्याबाहेर बायको-मुलांचा साधा संसार करणारे गृहस्थ होते, तरी हेटाळणी त्यांच्या घरापर्यंत पोचली. आणि यल्लम्माच्या नावाने सोडलेला जोगत्या? त्याला साडी देवीनेच नेसवली असे सांगतात. कोवळ्या पोराला केसात जट आली म्हणून देवीला वाहून टाकायचे, परडी हातात द्यायची, दारोदार मागायला लावायचे, ही सरळसरळ गुलामी आहे आणि तिच्याविरुद्ध आपण लढलेच पाहिजे. पण गुलामी साडीत नाही, सक्तीत आहे. हा फरक आपल्या काही कार्यकर्त्यांच्या लक्षात येत नाही. जबरदस्तीने नेसवलेली साडी आणि आपल्या खोलीत आपल्या आनंदासाठी नेसलेली साडी एक नव्हे.

कार्यकर्त्यांचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट बोलून घेतो. अधिकारी काम करत नाही म्हणून त्याला बांगड्यांचा आहेर करण्याचे आंदोलन आपणही करतो. मीही केले आहे, घोषणा देत केले आहे. त्याचा अर्थ काय होतो? बांगडी म्हणजे नामर्दपणा, बाई म्हणजे नालायकी. मोर्च्यात पुढे चालणाऱ्या आपल्याच आया-बहिणींच्या हातात त्याच बांगड्या असतात.

बाबासाहेबांचे काय मत होते, असे कोणी विचारेल. कपड्यांच्या या विशिष्ट प्रश्नावर त्यांच्या तोंडी मी शब्द घालणार नाही. पण १९३४ चा खटला समोर आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचक लैंगिक जीवनाविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरे देत, हा गुन्हा! कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लोकांना प्रश्न पडतात तर त्यांना ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे, 'विकृती'चा शिक्का मारून तोंड बंद करता येणार नाही, या बाजूने ते उभे राहिले आणि हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचे दाखले दिले. याच एलिसने परलिंगी वेशावरही विस्ताराने लिहिले आहे. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. एक गोष्ट ध्यानात घ्या, त्या काळात बाबासाहेबांवर कामाचा आणि टीकेचा किती भार होता. असला बदनामीचा खटला घ्यायची त्यांना काही गरज नव्हती.

आता प्रतिपक्षाचा सर्वात मजबूत मुद्दा. डीएसएमची २०१३ ची आवृत्ती म्हणते की नुसते कपडे घालणे हा आजार नाही. त्यातून लैंगिक उत्तेजना येत असेल आणि त्यापायी माणसाला तीव्र त्रास होत असेल किंवा त्याचे जगणे बिघडत असेल, तरच आजार. वरवर हे समंजस वाटते, आणि पूर्वीपेक्षा बरे आहेच. पण त्रास कुठून येतो, हे विचारायला नको का? गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणी मिळत नव्हते, त्याला त्रास होत होता. तो त्रास खरा होता. पण म्हणून त्याला तहानेचा विकार होता असे कोणी म्हटले नाही. बापाच्या पट्ट्याने उठलेले वळ आणि गल्लीतल्या शिट्ट्या, यातून आलेले नैराश्य खरे असते. त्यावर उपचार हवेत, समुपदेशन हवे, लागले तर औषधही हवे. आजाराचे नाव मात्र नैराश्य आहे, साडी नव्हे. स्वीडनने २००९ मध्ये हे निदान आपल्या यादीतून काढले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीतही परलिंगी वेशाची जुनी निदाने ठेवलेली नाहीत.

आपल्या देशातही कायदा स्पष्ट आहे. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेशातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हे कलम १९ खालील अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. त्याच निकालात १८७१ च्या कायद्याचा आणि खैरातीचाही उल्लेख आहे. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम ३, एखाद्याचे वागणे समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीरीतींना धरून नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवायला मनाई करतो. हे कलम मी ताईंना मराठीत समजावून सांगितले आणि एका कागदावर लिहूनही दिले.

मुलगा पुढे पारलिंगी म्हणून जगेल, की कधीमधी ड्रेस घालणारा पुरुष राहील, की वर्षभरात हे सगळे विसरेल, ते मला माहीत नाही आणि आज त्याला ते विचारायची गरजही नाही. गोळ्या एकदम बंद करू नका, त्याने अपाय होतो, एवढे बजावून मी त्यांना त्याच डॉक्टरकडे परत पाठवले. विचारा म्हटले, आजाराचे नाव कागदावर लिहून द्या. त्यांनी विचारले. नाव काही लिहून मिळाले नाही, डोस मात्र अर्धा झाला. मुलगा म्हणतो आता झोप लागत नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरे डॉक्टर बघितले आहेत, सोमवारची वेळ मिळाली आहे. बाप यायला तयार नाही.